नशिराबाद ते एमआयडीसी रोज सायकलने: पाच हजारांच्या किटमधलं काय घ्यावं, काय सोडावं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही राहता नशिराबादला, नोकरी जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात, शिफ्ट आठवड्याला बदलते. जाऊन-येऊन पंधरा-सोळा किलोमीटर. हातात वीस हजार आहेत. दुकानदाराने २१ गियर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि पुढे सस्पेन्शन असलेली पंधरा हजारांची सायकल दाखवली. वर पाच हजारांचा 'किट' सांगितला: जेलचं सीट कव्हर, हातमोजे, स्पीडोमीटर, पॅडवाली चड्डी, मोबाइल होल्डर, फ्रेमला लटकवायची पिशवी आणि एक लुकलुकणारा लाइट. यातलं काय घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

माझं भुसावळात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानात येणं-जाणंही सायकलनेच होतं. माझ्याकडे दर महिन्याला कोणी ना कोणी जवळजवळ नवीन गियरची सायकल विकायला आणतो. टायरवर कारखान्यातून येताना असतात ते रबराचे बारीक केससुद्धा झिजलेले नसतात. का विकताय विचारलं तर आजवर कोणी 'गियर कमी पडले' म्हणालेलं नाही. कारणं ठरलेली: सारखी पंक्चर होते, रात्री हायवेवर भीती वाटते, समोरचा वारा लागला की दम निघतो, नाहीतर कामावर पोचेपर्यंत शर्ट पिळून काढायची वेळ येते. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न 'कोणतं सामान चांगलं' हा नाही. कोणत्या कारणाने ही सायकल तुमच्या ओट्यावर पडून राहील, हा आहे. पैसे आधी त्या कारणावर घालायचे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या मला इथून दिसत नाहीत. तुम्ही महामार्गाने जाणार असं मी धरून चालतोय. कारखान्यात सायकल गेटच्या आत शेडमध्ये लागते की बाहेर रस्त्यावर, डबा सोबत नेता की कँटीन आहे, वजन किती, गुडघे कसे, या सगळ्याने उत्तर थोडं थोडं हलेल. तिथे तुमच्या अकलेने फेरफार करा.

पंक्चरपासून सुरू करतो, कारण खानदेशात रोजच्या सायकलीचा पहिला वैरी तोच. आपल्याकडे काटा मुख्यतः दोन जातींचा. एक वेड्या बाभळीचा, सरळ आणि टणक, टायरमधून आरपार जाणारा. शेताला कुंपण घालायला फांद्या ओढत नेतात तेव्हा त्याचे काटे रस्त्याच्या कडेने सांडत जातात. दुसरा सराटा, म्हणजे गोखरू. पावसाळ्यात जमिनीला चिकटून पसरतो, पिवळी फुलं येतात, आणि पाऊस सरला की फळं वाळून सुटी होतात. ती कशीही पडली तरी एखादं टोक वर असतंच. आता गंमत बघा, हे दोन्ही काटे डांबरावर फारसे टिकत नाहीत, गाड्यांच्या चाकांनी उडून साइडपट्टीवर जातात. मागून ट्रकने हॉर्न दिला की आपण दचकून साइडपट्टीवर उतरतो आणि तिथेच काटा लागतो. म्हणजे पंक्चर आणि मागच्या गाडीची भीती ही दुखणी वेगळी नाहीत. एकाचा इलाज केला की दुसरं अर्धं बरं होतं. हे पुढे आरशाच्या वेळी परत येईल.

काट्याला इलाज तीन. पहिला, टायरच जाड पाठीचा घेणं. आतून संरक्षक थर असलेले टायर मिळतात, पण छोट्या गावात प्रत्येक मापात मिळतीलच असं नाही. दुसरा, टायर लाइनर: टायर आणि ट्यूबच्या मध्ये बसवायची प्लॅस्टिकची लवचिक पट्टी. दोन्ही चाकांची जोडी चार-पाचशेच्या आसपास येते आणि तुमच्या कामाला मला हीच पसंत आहे. बसवताना एकच काळजी. पट्टीची दोन टोकं जिथे एकावर एक येतात, तिथली धार ट्यूबला घासून काही महिन्यांनी भोक पाडते. टोक पॉलिश पेपरने गोल करून घ्या आणि त्यावर कापडी टेप लावा. मेकॅनिक घाईत हे करत नाही, तुम्ही समोर उभं राहून करून घ्या. फुकटातला पर्याय हवा असेल तर जुनी ट्यूब लांबीत चिरून तिचा थर आत टाका. चाक थोडं जड होतं, पण काटा अडतो.

तिसरा इलाज सीलंट, म्हणजे व्हॉल्व्हमधून ट्यूबमध्ये सोडायचं ते द्रव. बारीक भोक ते आपोआप बुजवतं, हे खरं. पण आपल्याकडच्या उन्हात ते लवकर वाळतं, दर तीन-चार महिन्यांनी बघावं लागतं, आणि मोठं पंक्चर झालंच तर आतून ओल्या झालेल्या ट्यूबला ठिगळ धरत नाही. शेतातून रोज जाणाऱ्याला मी सीलंट सुचवतो, तुम्हाला नाही.

इतकं करूनही पंक्चर होणार. तेव्हा काय करायचं ते आधी ठरवून ठेवा. रात्री अकराला दुसरी शिफ्ट सुटल्यावर महामार्गाच्या कडेला ठिगळ मारत बसायचं नाही, ट्यूबच बदलायची. म्हणून सोबत हव्यात एक जास्तीची ट्यूब, दोन प्लॅस्टिकचे टायर लिव्हर, छोटा पंप आणि चाकाच्या नटाचा पाना, जो बहुतेक सायकलींना १५ नंबरचा लागतो. ट्यूब घेताना मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हची घ्या, जुन्या वालट्यूबची नको. पेट्रोल पंपावर आणि कुठल्याही टायरवाल्याकडे हवा भरता येते. आणि एखाद्या रविवारी अंगणात मागचं चाक काढून, ट्यूब बदलून, परत बसवून बघा. मागच्या चाकात चेन असल्यामुळे लोक बिचकतात. एकदा दिवसाउजेडी केलं की भीती जाते.

ट्यूब बदलण्याआधी काटा काढला नाही तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होणार. काट्याचं टोक टायरमध्ये तुटून आत राहतं, डोळ्यांना दिसत नाही आणि बोट फिरवलं तर बोटात घुसतं. आमच्याकडची युक्ती सांगतो. कापसाचा बोळा घ्या, तो टायरच्या आतून हलक्या हाताने गोल फिरवा. जिथे टोक असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात आणि बोळा ओढला जातो. तिथे बाहेरून टायर दुमडा, काटा तोंड वर काढतो, चिमट्याने किंवा नेलकटरने ओढून घ्या. आपल्या मुलखात कापसाला काय तोटा. किटमध्ये एक बोळा ठेवून द्या. फाटलेली ट्यूब घरी नेऊन निवांत ठिगळ मारा: कानशीने घासा, सोल्युशन पातळ लावा आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. ठिगळ सुटतं ते बहुतेक ओल्या सोल्युशनवर घाईने दाबल्यामुळे. आणि ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका. हवा कमी होती आणि खड्ड्याच्या काठावर रिमने ट्यूब चिमटली, एवढाच त्याचा अर्थ.

हवेबद्दल एक गैरसमज इथेच खोडून टाकतो. 'उन्हाळ्यात टायर फुटतो, हवा कमी ठेव' असं बरेच जण सांगतात. हिशोब करून बघा. सकाळी २५ अंशांना ६० पीएसआय भरली आणि दुपारी उन्हात उभ्या टायरच्या आतली हवा अगदी ६० अंशांपर्यंत तापली, तरी दाब वाढतो नऊ-दहा पीएसआयने. टायरच्या बाजूवर जास्तीत जास्त किती भरायची ते छापलेलं असतं, त्याच्या दहा-पंधरा खाली ठेवलं की काम झालं. उन्हात जे टायर फुटतात ते बहुधा आधीच कडेने भेगाळलेले असतात, नाहीतर रिमवरची रबरी पट्टी सरकून स्पोकचं टोक ट्यूबला लागलेलं असतं. हवा कमी ठेवली तर उलट चिमटा जास्त बसतो आणि दमही जास्त लागतो.

आता मागच्या गाडीची भीती. इथे माझ्या यादीत पहिला येतो आरसा, जो तुमच्या दुकानदाराच्या किटमध्ये नाहीच. हँडलच्या उजव्या टोकाला बसणारा छोटा गोल आरसा दीड-दोनशेला मिळतो. मागून ट्रक येतोय, तो किती लांब आहे, त्याने बाहेरून जागा घेतली की नाही, हे मान न वळवता दिसतं. दिसलं की दचकणं थांबतं, सायकल डांबराच्या कडेवर सरळ रेषेत राहते आणि सराट्याच्या राज्यात उतरायची वेळ फार कमी येते. सायकलवाला लटपटत नाही हे मागच्या ड्रायव्हरलाही दिसतं आणि तोही जरा अंतर ठेवून काढतो. बहिर्वक्र आरशात गाडी असते त्याहून लांब दिसते, ही खूणगाठ मात्र बांधून ठेवा.

दुसरा मागचा लाल लाइट. तुमच्या किटमधला लुकलुकणारा लाइट वाईट नाही, पण अंधाऱ्या रस्त्यावर नुसत्या लुकलुकण्यावरून मागच्याला अंतराचा अंदाज येत नाही. स्थिर जळण्याची सोय असलेला घ्या आणि रात्री स्थिरच ठेवा. सीटखालच्या दांडीला लावला तर कॅरियरवरच्या पिशवीआड जातो, म्हणून कॅरियरच्या मागच्या टोकाला किंवा मडगार्डला बसवा. नवीन सायकलला रिफ्लेक्टर येतात, ते 'बावळट दिसतात' म्हणून काढू नका. विशेषतः पेडलचे. खाली-वर होणारे दोन पिवळे ठिपके दिसले की पुढे सायकल आहे हे ड्रायव्हरला लगेच उमगतं.

पुढचा लाइट दोन कामांचा. शहरातल्या दिव्यांखाली तो फक्त तुम्ही दिसावं म्हणून असतो, तिथे काहीही चालेल. जिथे रस्त्याला दिवे नाहीत तिथे तुम्हाला दिसलं पाहिजे. आपल्याकडे हंगामात कापसाची ट्रॉली बिघडून रस्त्याच्या कडेला बिनलाइटची उभी असते, मागे चार दगड मांडलेले. ती वेळेवर दिसायला ३०० ते ४०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप), चार्जिंगचा लाइट पुरतो. पाकिटावर हजारो ल्युमेन छापलेले स्वस्त लाइट मी गिऱ्हाइकाला देत नाही. तो आकडा बहुतेक वेळा छापण्यापुरताच असतो आणि त्यांचा गोल झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. झोत तुमच्या पुढे आठ-दहा मीटरवर रस्त्यावर पडेल इतका खाली वाकवा. मागचा-पुढचा मिळून दीड-दोन हजार गेले तरी चालतील, हा खर्च कमी करायचा नाही. आणि 'जवळ पडतं' म्हणून उलट्या बाजूने येऊ नका. त्याला कुठलंही सामान पुरं पडत नाही.

आता गियरचं. आपला तापीकाठ सपाट, मग गियर कशाला, असं जुने लोक म्हणतात. चढापुरतं बोलायचं तर ते बरोबर आहेत. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढायचा असेल किंवा तोरणमाळला जायचं असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या रस्त्यावर चढ म्हणजे पूल. पण आपल्याकडे गियर लागतो तो वाऱ्यासाठी. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्यांचं रान उगीच उभं राहिलेलं नाही. मे महिन्यापासून पावसाळाभर पश्चिमेचा वारा चालतो आणि दुपारी त्याला जोर येतो. तुम्ही नशिराबादहून जळगावकडे जाता म्हणजे पश्चिमेला. दुसऱ्या शिफ्टला दोन-अडीचला निघालात की तो थेट छातीवर. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी १८ किलोमीटरने जाताय आणि समोरून १५ चा वारा आहे, तर अंगावर येणारी हवा ३३ ची होते आणि रोध वारा नसतानाच्या तिपटीहून जास्त. अशा वेळी एकाच गियरची सायकल उभं राहून रेटावी लागते, गुडघे बोलायला लागतात, आणि दोन आठवड्यांत माणूस मोटरसायकलची किल्ली शोधतो. परत येताना तोच वारा पाठीला असतो, तेव्हा जड गियर टाका आणि मजा घ्या.

मग २१ लागतात का? नाही. २१ म्हणजे पुढे तीन आणि मागे सात चकत्या, त्यातली बरीच गणितं एकमेकांवर पडतात. पुढे एकच ४२ दातांची आणि मागे १४ ते २८ दातांच्या सात असं धरा. साडेसत्तावीस इंची चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. सगळ्यात जड गियरला पेडलच्या एका फेऱ्यात सायकल ६.३ मीटर जाते, सगळ्यात हलक्याला ३.१५ मीटर. मिनिटाला साठ फेरे, म्हणजे अगदी निवांत पाय मारलात तर ताशी ११ पासून २३ किलोमीटरपर्यंतचा सगळा पल्ला या सातांत आला. वाऱ्यात ११, पाठवाऱ्यात २३. तुम्हाला आणखी काय पाहिजे? पुढच्या तीन चकत्या म्हणजे आणखी एक डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग), आणखी एक केबल आणि धुळीने अडकायला आणखी एक जागा. सात गियरची चांगली सायकल मिळत असेल तर ती घ्या. दुकानात २१ चीच असेल तरी हरकत नाही, पुढे चेन मधल्या चकतीवर टाका आणि विसरून जा.

सस्पेन्शनबद्दल एका वाक्यात: या किमतीतला पुढचा शॉकअप दीड-दोन किलो वजन वाढवतो, तुमची ताकद खातो आणि दोन उन्हाळ्यांत धुळीने कडक होतो. खड्ड्यांना खरा इलाज म्हणजे रुंद टायर. ४० ते ५० मिलिमीटर रुंदीचा, मध्ये गुळगुळीत आणि कडेला थोडी नक्षी असलेला टायर डांबरावर हलका पळतो. डोंगरी सायकलीचा खडबडीत टायर डांबरावर घोंगावतो आणि दमवतो.

ब्रेकचं मात्र दोन्ही बाजूंनी बोलता येतं. व्ही-ब्रेक म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारा ब्रेक; काळ्या मातीचा चिखल त्याच्या रबरात आणि रिमवर बसला की तो धरत नाही, तिथे डिस्क सरस. पण व्ही-ब्रेकची रबरं कुठल्याही गावात चाळीस-पन्नासला मिळतात. डिस्कचे पॅड एकेका कंपनीचे एकेका आकाराचे, संपले की जळगावला चक्कर आणि तिथेही 'मागवून देतो'. तुमचा रस्ता डांबरी आहे, म्हणून मी व्ही-ब्रेक घेतला असता. वाट शेतातून असती तर उत्तर उलट असतं.

घामाला इलाज कॅरियर आहे. वडिलांच्या पिढीची काळी सायकल आठवा: कॅरियर, दोन्ही मडगार्ड, चेन कव्हर, स्टँड, घंटी, कधी डायनॅमोसुद्धा, सगळं अंगावर घेऊनच यायची. गियरच्या सायकली उघड्या-बोडक्या येतात आणि मग ते सगळं किट म्हणून विकलं जातं. पाठीवर सॅक लटकवली की पाठीला वारा लागत नाही, शर्ट चिकटतो. तोच डबा, पाण्याची बाटली आणि बदलायचा शर्ट कॅरियरवर गेला की पाठ मोकळी. फक्त सीटच्या दांडीला एका क्लॅम्पने पकडणारं कॅरियर घेऊ नका, ते थोड्या वजनाने खाली झुकतं किंवा चाकावर फिरतं. मागच्या एक्सलजवळ फ्रेमला भोकं आहेत का ते सायकल घेतानाच बघा आणि खालून दोन दांड्यांनी टेकलेलं लोखंडी कॅरियर लावा. बांधायला जुन्या ट्यूबची पट्टी, तिच्यासारखी पकड विकतच्या दोरीला नाही. पट्टीचं टोक लोंबतं ठेवू नका, मागच्या चाकात जातं. ओढणी किंवा साडीत सायकल चालवणाऱ्या वहिनी-ताई वाचत असतील तर मागच्या चाकाला साडीगार्ड आधी, बाकी सगळं नंतर.

हेल्मेट. मोटार वाहन कायद्याची हेल्मेटसक्ती सायकलला लागू नाही, म्हणून लोक सोडून देतात. तुम्ही महामार्गाने जाणार, तुम्ही घ्या. मोटरसायकलचं हेल्मेट सायकलवर चालत नाही, त्यात डोकं उकडतं. सायकलचं हेल्मेट तीनशे ग्रॅमच्या आसपास, भरपूर भोकांचं. आत ईएन १०७८ (युरोपचा) किंवा सीपीएससी (अमेरिकेचा) असा सुरक्षेचा शिक्का आहे का बघा. भुवयांच्या वर दोन बोटं, एवढं खाली बसलं पाहिजे. मागे टोपीसारखं कलंडलेलं हेल्मेट कपाळ वाचवत नाही. कानाखाली दोन्ही पट्ट्या इंग्रजी व्हीच्या आकारात याव्यात आणि हनुवटीखाली एक-दोन बोटांपुरतीच जागा राहावी. एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी बदला, आतला थर्माकोल दबलेला असतो.

उन्हाबद्दल स्पष्ट सांगतो. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर जातो तेव्हा दुसऱ्या शिफ्टला भर दुपारी सायकल काढू नका. त्या आठवड्यात एसटीने जा, मोटरसायकलने जा. बारा महिने सायकलच चालवायची अशी शपथ घेणारे मे महिन्यात शपथ मोडतात आणि मग जूनमध्येही परत येत नाहीत. पहिल्या शिफ्टला उन्हाळ्याची पहाट म्हणजे वर्षातला सगळ्यात सुखाचा सायकलीचा वेळ. बाकीच्या उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा पांढरा सुती शर्ट आणि हेल्मेटखाली ओला करून पिळलेला सुती रुमाल. पाण्याच्या बाटलीवर जुना मोजा चढवून तो भिजवा. आपली हवा कोरडी, मोज्यातलं पाणी उडतं आणि आतलं गार राहतं. पावसाळ्याच्या दमट दिवसांत हे चालत नाही, पण तेव्हा गरजही नसते.

पावसात पूर्ण लांबीचे मडगार्ड लागतात, अर्धवट फॅशनेबल पट्टी पाठीवर चिखलाची रेघ ओढते. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर जागा राहू द्या, नाहीतर काळी माती मध्ये भरून चाकच जाम होतं.

आता किटमधल्या वस्तू. जेलचं सीट कव्हर पहिल्या दिवशी मऊ लागतं आणि आठवड्याने मांड्यांना घासतं. सीट टोचते ती बहुतेक वेळा उंची चुकल्याने. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवाल तेव्हा गुडघा किंचित वाकलेला राहील. आपल्याकडे बहुतेक जण सीट फार खाली ठेवतात आणि गुडघेदुखीचा दोष सायकलीला देतात. पॅडवाली चड्डी आठ किलोमीटरला नको. हातमोजे चालतील, पण पहिल्या खरेदीत नको. स्पीडोमीटर मोबाइलमध्ये आहे. मोबाइल होल्डरही नको, उन्हात मोबाइल तापतो आणि नजर रस्त्यावरून सरते. फ्रेमची पिशवी घ्या, त्यात ट्यूब, लिव्हर, पाना आणि कापूस राहील.

मी तुमच्या जागी असतो तर पैसे असे लावले असते: सायकल चौदा हजारांच्या आत. घेतल्या दिवशीच कॅरियर, मडगार्ड, लाइनर, आरसा, दोन्ही लाइट, हेल्मेट, घंटी, कुलूप आणि ट्यूब-पंप. ब्रँडप्रमाणे हे साधारण पाच हजारांत बसतं. उरलेले हजार महिनाभर खिशात ठेवा. महिना चालवलं की तुम्हालाच कळेल हातमोजे हवेत की दुसरी सीट. कुलूप शेडमध्ये लावणार असाल तर साधं केबलचं पुरे. बाहेर लावणार असाल तर जाड साखळीचं घ्या आणि ती नुसत्या चाकातून नको, फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही खांबाला बांधा. फ्रेमवर खाली कोरलेला नंबर आणि बिल, दोन्हीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.

देखभालीचं थोडक्यात. धुळीच्या दिवसांत चेनला तेल जास्त नको, कमी हवं. आठवड्याला चिंधीने चेन पुसा, प्रत्येक कडीवर एक थेंब तेल टाका, पेडल उलटं फिरवा आणि वरचं तेल परत पुसून काढा. गाडीचं काळं जळकं ऑइल कधीच टाकू नका, त्यात धूळ कालवून घासायची पेस्ट तयार होते. सहा महिन्यांनी चेन मोजा. नव्या चेनच्या २४ कड्यांची लांबी, पिनपासून पिनपर्यंत, बरोबर १२ इंच असते. ती १२ इंच आणि एका इंचाच्या सोळाव्या भागावर गेली की चेन बदला. बदलली नाही तर ती मागचे दाते खाते आणि शे-दोनशेचं काम हजारावर जातं. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, ओव्हरऑइल, म्हणजे पूर्ण सर्व्हिसिंग, करून घ्या: छर्रे, ग्रीस, चाकाचा आऊट (डगमग), सगळं एकदम.

दुकानात परत जाल तेव्हा टायरच्या बाजूवर छापलेला बारीक आकडा टिपून आणा. ४७-५८४, ५०-५५९, ४०-६२२ असा काहीतरी असेल. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. लाइनरची रुंदी आणि ट्यूबचं माप त्यावरून ठरतं, आणि ते माप नशिराबादच्या किंवा तुमच्या गेटजवळच्या दुकानात मिळतं का हे सायकलचे पैसे देण्याआधी विचारून घ्या. मिळत नसेल तर दुसरी सायकल बघा. आकडा इथे लिहिलात तर कुठला लाइनर बसेल ते सांगतो.